मगदूमांचं अकराशे ओळींचं फंक्शन

धनपाल मगदूमने आयुष्यात दोनच गोष्टी स्वतःच्या हाताने उभ्या केल्या. एक घरामागचा गोबर गॅस आणि दुसरं अकराशे ओळींचं फंक्शन. गोबर गॅस दुसऱ्याच वर्षी बंद पडला. फंक्शन मात्र पंचवीस वर्षं बिनबोभाट चाललं, आणि माणसाच्या डोक्यात हवा जायला तेवढं पुरेसं असतं.

फंक्शन म्हणजे संगणकाला नेमून दिलेलं एखादं काम. धनपालच्या फंक्शनचं काम होतं पाण्याच्या पाळ्या लावणं. त्याचं गाव कृष्णेच्या काठावर, सांगलीपासून एसटीने पाऊण तासावर. गावच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थेचे पंप नदीतून पाणी उचलतात, ते पाइपातून रानारानांत जातं आणि कुणाची झडप कधी उघडायची हे कुणीतरी ठरवावं लागतं. एके काळी संस्थेचा सेक्रेटरी हे फळ्यावर खडूने लिहायचा आणि दिवस मावळायच्या आत फळ्याखाली दोन तरी भांडणं व्हायची. धनपाल तेव्हा पंपहाउसवर वायरमन होता. सांगलीत कॉम्प्युटरचे क्लास निघाले तसा तो सायकल मारत तिथे गेला, शिकला, आणि त्याने तो फळा भिंतीवरून उतरवला. पुढे गाव मोबाइलवर आलं तसे पाळीचे निरोपही मोबाइलवर जायला लागले. आसपासच्या चार-पाच संस्थांनी आणि साताऱ्याकडच्या एकीने त्याचा प्रोग्रॅम घेतला. सांगलीच्या विश्रामबागेत एका खताच्या दुकानाच्या माडीवर त्याने दोन खोल्यांचं ऑफिस थाटलं. मधल्या काळात प्रोग्रॅमची भाषा दोनदा बदलली, पण ते फंक्शन जसंच्या तसं नव्या भाषेत नांदायला आलं.

ते मुळात एवढं लांब नव्हतं. गावात कुणाची तक्रार आली की धनपाल खाली एक 'जर', म्हणजे एक अट, वाढवायचा. केरबाचं रान पाइपाच्या अगदी शेवटाला. तिथे पाणी पोचेपर्यंत निम्मी पाळी संपायची. त्याने तोंड सोडलं, तेव्हा धनपालने एक खूण टाकली, अशा रानाला जादा वेळ, आणि त्या खुणेचं नाव ठेवलं 'केरबा'. हरणाबाई एकटी विधवा बाई. रात्रीच्या वेळी झडपेवर जायचं कसं, म्हणून ती संस्थेच्या ऑफिसच्या पायरीवर येऊन बसली. तिला कायम दिवसाचं पाणी मिळायला लागलं आणि त्या खुणेचं नाव झालं 'हरणाबाई'. ज्याच्यामुळे नियम आला त्याचं नाव नियमाला, अशी ही पद्धत. धनपालला त्यात काही वावगं वाटलं नाही. कुठे काय आहे ते त्याला पाठ होतं. अर्धा गाव त्या फंक्शनमध्ये दाटीवाटीने राहत होता आणि धनपाल त्यांचा एकटा पोस्टमन होता.

मग त्याचे डोळे गेले. म्हणजे एकदम गेले नाहीत. आधी तो जिन्याच्या खांबाला धडकला, मग त्याची स्कूटर उभ्या हातगाडीवर गेली. समोरचं चांगलं दिसायचं, अगदी मुंगीच्या पायासारखं बारीक अक्षरसुद्धा; पण कडेचं जग कुणीतरी पडदे ओढावेत तसं आत सरकत होतं. आणि दिवस कलला की उरलेलंही विरून जायचं.

मिरजेत पावलागणिक दवाखाना. कर्नाटकातून माणसं तिथे औषधाला येतात. आणि हा मिरजेच्या कुशीतला माणूस डोळे दाखवायला गेला साताऱ्याला! कारण एवढंच, की मिरजेत दवाखान्याच्या बाकावर टेकलं की शेजारी आपल्याच गावचं कुणीतरी कण्हत बसलेलं असतं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी त्याला एका पांढऱ्या घुमटासमोर बसवलं, ठिपका दिसला की बटण दाबायला सांगितलं आणि शेवटी कागदावरचा काळा भाग दाखवला. "काचबिंदू आहे. गेलं ते परत येणार नाही. आहे ते थेंबांनी राखू. घरच्यांना सांगा, तुम्हाला मदत लागेल." धनपालने थेंबांची बाटली लॅपटॉपच्या बॅगेत, चार्जरच्या खाली दडवली आणि घरच्यांना काहीही सांगितलं नाही.

उलट त्याने एक शक्कल लढवली. आजवर ऑफिसातच डबा खाऊन नऊ-नऊ वाजेपर्यंत बसणारा हा माणूस एकाएकी साडेचारच्या एसटीला पळायला लागला. विचारलं तर म्हणायचा, सूर्यास्ताच्या आत जेवायचं धरलंय. जैनाच्या घरी ह्यावर कोण शंका घेणार? बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, चार वडीलधाऱ्यांनी त्याची पाठ थोपटली. धनपालचा धर्म वाढला, असं गावभर झालं. त्याच्या बायकोने, चंदनाने, ह्याच गोष्टीसाठी लग्नापासून कपाळ बडवून घेतलं होतं. ती आठ दिवस खुशीत होती, पुढे त्या विषयावर गप्प झाली. त्यांच्या स्वतःच्या उसाला रात्रीची पाळी आली की धनपाल कंबर धरून बसायचा आणि गड्याला पाठवायचा. कंबर बिचारी ठणठणीत होती.

ऑफिसात मात्र कंबरेचं सोंग चालण्यासारखं नव्हतं. अक्षर मोठं केलं की पडद्यावरच्या बारा ओळी एका वेळी त्याच्या नजरेत मावत. तेराव्या ओळीला पहिली निसटून जायची. पूर्वी सगळं फंक्शन डोक्यात होतं, पण वयाने तिथेही थोडी पडझड केली होती. सहाशेव्या ओळीवर काही बदलायचं तर दोनशेव्या ओळीवर काय ठरवलं होतं ते बघायला वर जावं लागे, आणि परत खाली येईपर्यंत खालचं विसरलेलं असे. पंचवीस वर्षं ज्या घरात नांदलो त्याच घरात आपण भिंती चाचपडत फिरतोय, हे त्याला रोज कळत होतं आणि रोज लाज वाटत होती.

अशात अर्फा मुजावर कामाला लागली. ही कराडची. वडील शिलाई मशीन दुरुस्त करणारे, पोरगी तिथल्याच कॉलेजात इंजिनिअर झालेली. दोन वर्षं पुण्यात नोकरी केली, तिथली सगळी टीमच मोडली, म्हणून मिरजेत मावशीकडे राहून ती इथे यायला लागली. पहिल्या दिवशी तिने ते फंक्शन उघडलं आणि माउसचं चाक फिरवत राहिली. फिरवत राहिली. शेवटी वळून म्हणाली, "अण्णा, ह्याला बूड कुठं हाय?"

धनपाल हसला. त्याला ती तारीफ वाटली.

"लय मोठं झालंय ओ. तुकडं करूया का? एकेका कामाचं येगळं फंक्शन. मी करते, तुमी फक्त बघा."

"हात लावायचा न्हाई," धनपाल म्हणाला, आणि त्याचा आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा जास्त चढला. "चालतंय न्हवं? मग चालू दे."

चालतंय हे खरं होतं. पण ते उघडून बसलो तर आपल्यालाच त्यातली वाट सापडत नाही हे पोरीला कळेल, ही खरी भीती होती. ती बिचारी छापायच्या बिलांच्या मागे लागली.

मग आली माळावरची लाइन. संस्थेने गावच्या माळापर्यंत नवा पाइप नेला, चाळीसेक नवे सभासद झाले आणि त्यांच्या पाळ्या प्रोग्रॅममध्ये बसवायच्या ठरल्या. चेअरमन ऋषिराज तिशीतला, बोलायला गोड पण हिशेबाला पक्का. तो माडीवर येऊन चहा प्यायला आणि कप खाली ठेवत म्हणाला, "अण्णा, दिवाळीपासनं सांगतोय. उन्हाळी पाळ्या सुरू व्हायच्या आत झालं तर ठीक. न्हाईतर पुण्याच्या कंपनीचं ॲप घ्यायचं म्हणत्यात संचालक. मला तुमाला दुखवायचं न्हाई."

एक संस्था गेली की बाकीच्या तिच्या मागोमाग जाणार, हे धनपालला कुणी सांगायची गरज नव्हती. पण त्याला त्याहून मोठं भय वेगळंच होतं. ह्या कामाशिवाय धनपाल मगदूम कोण? कंबर धरून बसलेला, अंधाराआधी जेवणारा एक म्हातारा. छप्पन्नाव्या वर्षी त्याला ते व्हायचं नव्हतं.

"करतो की. त्यात काय," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात डोळ्यांच्या तपासणीची तारीख होती. ऑफिसात साताऱ्याच्या संस्थेचं नाव सांगून तो गेला. परतताना सांगलीच्या एसटीत खिडकीपाशी बसला होता. कराडच्या स्टँडवर गाडी भरली, सुटली, कोल्हापूर नाक्याबाहेर पडली. धनपाल समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत अकराशे ओळींचा विचार करत होता.

"अण्णा, रागावलाय का माझ्यावर?"

तो एवढा दचकला की मांडीवरची फाइल खाली पडली. शेजारच्याच सीटवर, त्याच्या कोपराला कोपर लागेल एवढ्या जवळ अर्फा बसली होती. चुलत बहिणीच्या साखरपुड्याला ती कराडला गेली होती, ते तिने कालच सांगितलं होतं.

"मी चढल्यापास्नं हसतेय तुमच्याकडं बघून. दोनदा हात केला. मला वाटलं, काय चुकलं का काय माझं."

"इचारात होतो गं." त्याने फाइल उचलली. फाइलवर डोळ्याचं एवढं मोठं चित्र होतं. "चष्म्याचा नंबर काढला, आलोच हुतो साताऱ्याला तर."

अर्फाने फाइलकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि साखरपुड्यातल्या बिर्याणीच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. सांगली येईपर्यंत ती बिर्याणी संपली नाही.

धनपालने माळाची लाइन एकट्यानेच बसवली. चार दिवस लागले, डोळ्यांतून पाणी आलं, पण बसवली. पाळ्या निघाल्या, निरोप गेले, आणि त्याने स्वतःला शाबासकी म्हणून खालच्या गाडीवरून भडंग मागवला.

पुढे जे घडलं ते दुसऱ्या कुठल्या गावात घडलं नसतं. त्या गावात उसन्या पाळीची रीत आहे. कुणाच्या घरी लग्न निघालं, कुणाचं दुखणं उपटलं, तर तो दुसऱ्याची पाळी उसनी मागतो आणि पुढच्या फेऱ्यात फेडतो. आणि उसनी पाळी घेणाऱ्याला कारण विचारायचं नाही, हा त्यातला अलिखित कायदा. कारण सांगण्यासारखं असतं तर त्याने आपणहून सांगितलं असतं.

नव्या पाळ्यांमध्ये एकाच झडपेवर, एकाच वेळेला केरबाचंही नाव आलं आणि त्याच्या शेजारच्या, माळाच्या लाइनवर नव्याने सभासद झालेल्या धुळाचंही. दोघांनी आपापले मोबाइल पाहिले, संस्थेच्या ग्रुपवरची यादी पाहिली. केरबाला वाटलं, धुळाच्या घरात काही अडचण असेल, त्याने आपली पाळी उसनी घेतली असेल. धुळाला वाटलं, केरबाच्या सुनेचे दिवस भरलेत, त्यालाच गरज असेल. दोघंही भली माणसं. दोघांनीही कारण विचारलं नाही. दोघेही घरी राहिले. संस्थेचा पाणी सोडणारा पाटकरी वेळेवर आला, झडप उघडून पुढच्या झडपेकडे निघून गेला, आणि दिवसभर पाणी सऱ्या भरून, बांध फोडून, ओढ्याला लागून डांबरी रस्त्यावर आलं. शाळेतून परतणाऱ्या पोरांनी त्यात होड्या सोडल्या.

ऋषिराजचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज नेहमीसारखाच गोड होता, पण त्यात 'अण्णा' एकदाच आलं.

धनपाल फंक्शन उघडून बसला. वर गेला, खाली आला. परत वर गेला. दुपार झाली, त्याने डबा उघडला नाही. अर्फा शेजारी खुर्ची ओढून बसली. ह्या वेळी ती अगदी त्याच्या समोरच्या अंगाला बसली, पडद्याच्या जवळ, जिथून ती त्याला दिसेल.

"अण्णा, एक इचारू? रागवायचं न्हाई."

"काय?"

"एका टायमाला किती ओळी दिसत्यात तुमाला?"

माडीखाली खताची पोती उतरत होती. हमालांचे आवाज येत होते. धनपालला आधी राग आला, मग त्या रागालाच थकवा आला. वर्षभर एसटीचं, धर्माचं आणि कंबरेचं जे गाठोडं तो वाहत होता ते त्याला अचानक फार जड वाटलं.

"बारा," तो म्हणाला. "अक्षर मोठं केलं तर बारा. काचबिंदू हाय. फुडं कमी बी हुतील."

अर्फाचे डोळे भरले, पण ती कामाची पोरगी. तिने नाक ओढलं आणि म्हणाली, "मग ठरलं. आजपास्नं आपल्या हाफिसात बारा ओळींच्या वर एक बी फंक्शन ऱ्हाणार न्हाई. तुमाला दिसंल तेवढंच एक काम. आत काय हाय ते नावावरनं कळाय पायजे, उघडून बघाय लागूच ने."

"अकराशे ओळी हाईत पोरी. उन्हाळा तोंडावर आलाय."

"व्हय. म्हणून तर आत्ता बसायचं."

तिने आधी जुन्या फंक्शनची एक नक्कल करून बाजूला ठेवली. गेल्या साली लागलेल्या सगळ्या पाळ्या जुन्या फंक्शनमधून काढायच्या, नव्यातून काढायच्या, आणि दोन्ही तंतोतंत जुळल्या तरच पुढचा तुकडा कापायचा, अशी तिची शिस्त. एक तुकडा काढला की तिथे फक्त त्याचं नाव उरायचं, आणि मग परत जुळणी. मधेच बिघडलं तर शेवटचा तुकडा मागे. धनपालला हे मनापासून आवडलं. पंपहाउसवर एकेक फ्यूज काढून वायर तपासायचा त्याचा जुना स्वभाव त्यात होता.

भांडणं झाली ती नावांवरून. पहिल्या तुकड्याला अर्फाने पुण्याच्या सवयीने 'प्रायॉरिटी ठरव' असं नाव दिलं.

"कसली प्रायॉरिटी?" धनपाल म्हणाला. "सुतक हाय का लगीन हाय का रान लांब हाय? गावात असं मोघम कुणी बोलत न्हाई."

तिने तोंड वेडंवाकडं केलं आणि त्याच्या तीन वेगळ्या वाटण्या केल्या. त्याचे तीन तुकडे झाले, तीन नावं झाली, आणि तिन्ही तुकडे बारा ओळींच्या आत बसले. नाव सुचत नसेल तर त्या तुकड्यात दोन कामं घुसलेली असतात, हे दोघांच्याही हळूहळू लक्षात आलं. तेव्हापासून नाव अडलं की धनपालच म्हणायचा, "काप अजून."

'हरणाबाई' आली तेव्हा मात्र तो अडून बसला. हरणाबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. तिच्या मागे कुणी नव्हतं. गावात तिचं नाव आता फक्त त्या फंक्शनमध्ये होतं.

"ह्याला 'दिवसाचं पाणी' म्हणू या," अर्फा म्हणाली.

"हरणाबाईला काढती व्हय?"

"आत काय लिवलंय बघा की. खाते नंबर हरणाबाईचा असला तरच दिवसाचं पाणी. दुसऱ्या कुणाला न्हाईच. तिचं नाव तिथनं काढलं, तर तिला मिळालं ते बाकीच्या बायकांना बी मागता येईल."

हे धनपालला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. एका बाईचं काम करून दिलं ह्याचाच त्याला अभिमान होता, आणि दुसरी कुणी पायरीवर येऊन बसली नाही म्हणून दुसऱ्या कुणाला गरज नाही असं तो धरून चालला होता. पायरीवर येऊन बसायला किती धाडस लागतं ते आता त्याला कळत होतं. तो तर ती पायरी टाळायला साताऱ्यापर्यंत गेला होता.

"काढ," तो म्हणाला. "आणि नाव चांगलं ठेव. तिला आवडंल असं."

केरबा-धुळाची चूक अशीच एका मंगळवारी जेवणाआधी सापडली. शोधावीसुद्धा लागली नाही. 'वेळ भरली अशी खूण कर' हा तुकडा सुटा झाला, त्याच्याखाली 'माळाच्या पाळ्या बसव' आला, आणि धनपालला दोन्ही एकाच नजरेत दिसले. माळाच्या पाळ्या बसवताना त्याने त्या खुणेकडे बघितलंच नव्हतं. बघणार कसा, ती साडेपाचशे ओळी वर होती! दोन ओळी वाढवल्या, काम झालं. दोघांनी मिळून त्या दुपारी डबे एकत्र खाल्ले. अर्फाने आपल्या डब्यातली भाजी बिनकांद्याची आणायला केव्हाच सुरुवात केली होती, आणि धनपालने चंदनाला दशम्या जास्त करायला सांगितलं होतं.

शेवटचा तुकडा निघाला त्या दिवशी अर्फा म्हणाली, "अण्णा, डोळं मिटा. मेन फंक्शन वाचून दाखवते."

त्याने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांना कडा नसतात, त्यामुळे त्याला बरं वाटलं.

ती वाचायला लागली. "चालू पंप मोज. झडपांचा क्रम लाव. सुतकातली घरं पुढं ढकल. उसन्या पाळ्या फेड. दिवसाचं पाणी आधी बसव. शेवटच्या रानाला जादा वेळ दे. माळाच्या पाळ्या बसव. निरोप पाठव."

एवढंच. आठ ओळी. धनपालला त्या आठ ओळींमध्ये पंपहाउसपासून माळापर्यंतचा सगळा गाव चालत जाताना दिसला. सुतकातलं घर, लग्नाचा मांडव, पाइपाच्या शेवटाला वाट बघणारा केरबा. कुणाचं नाव नव्हतं आणि सगळे होते. पंचवीस वर्षांत आपलं काम असं कुणी मोठ्याने वाचून दाखवेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं, कारण ते वाचून दाखवण्यासारखं नव्हतंच.

"परत वाच," तो म्हणाला.

ऋषिराजला त्यांनी संस्थेच्या ऑफिसात दाखवलं. धनपालने स्वतः बोट ठेवून एकेक फंक्शन उघडलं, कुठेही न अडखळता. डोळ्यांचं त्याने आपणहून सांगितलं. ऋषिराज म्हणाला, "अण्णा, ते पुण्याचं आता मी बघतो कसं थांबवायचं ते. पर एक सांगा, हे दिवसाचं पाणी कुणाला बी लावता येतंय?"

"मागंल त्याला. कारण इचारायचं न्हाई, एवढं मातूर ठेवा."

संस्थेच्या ग्रुपवर तसा निरोप गेला. पहिले दोन दिवस कुणी मागितलं नाही. तिसऱ्या दिवशी शिवांजली नावाच्या एका बाईने मागितलं, नवरा सैन्यात, सीमेवर. मग एका म्हाताऱ्याने. मग पटापट पाच-सहा जणींनी.

उन्हाळी पाळ्या काढायच्या दिवशी धनपालने ती खाती बसवली आणि मग आणखी एक खाते नंबर टाकला. अर्फाने वाकून पाहिलं.

"हे कुणाचं?"

"माझं."

ती हसली नाही. "घरी सांगितलंय?"

"न्हाई."

"निरोप काकूंच्या फोनवर बी जातोय, अण्णा. तुमीच तसं केलंय."

"म्हायती हाय," धनपाल म्हणाला, आणि 'निरोप पाठव' वर बोट दाबलं.

घरी पोचला तेव्हा ऊन अजून ओसरीवर होतं. चंदना दिवसाच्या पाळीचा निरोप आलेला फोन हातात घेऊन उभी होती. तिने काही विचारलं नाही. उसन्या पाळीच्या गावातली बाई. तिने पाणी आणून दिलं, तांब्या त्याच्या बाजूला न ठेवता सरळ त्याच्या समोर धरला, आणि धनपालला जाणवलं की गेलं वर्षभर ती तांब्या असाच समोर धरत होती. मग त्याने सगळं सांगितलं. साताऱ्याचं, थेंबांचं, कंबरेचं, आणि सूर्यास्ताचंसुद्धा.

"तरी म्हटलं," चंदना डोळे पुसत म्हणाली, "एवढा धर्म कसा वाढला!"

पाळीच्या दिवशी सकाळी आठला दोघे उसात गेले. पाटकऱ्याने झडप उघडली. पाइपाला आधी खोकला आला, मग पाणी आलं. धनपालने किती दिवसांनी हातात फावडं घेतलं होतं. तो दारं धरायला, म्हणजे एकेका सरीत पाणी वळवायला, उभा राहिला. समोरची सरी चमकत लांबपर्यंत गेली होती, तिच्या दोन्ही अंगांना मात्र त्याला काही दिसत नव्हतं. पाणी कुठेतरी फुटल्याचा आवाज आला आणि तो गोंधळून मान इकडे-तिकडे वळवायला लागला.

"आवं, थांबा," चंदना म्हणाली. "किती दिसतंय आत्ता?"

"एक सरी दिसती."

"मग तुमी ती एकच धरा." तिने पदर खोचला आणि फुटलेल्या दारावर मातीचं ढेकूळ बसवलं. "शेजारची मी धरते."

धनपालने आपल्या सरीत पाणी वळवलं. ते शेवटाला पोचलं तसा तो ओरडला, "भरली!" आणि दोघे पुढच्या सरीवर सरकले.